आमची वाटचाल : बागेपासून डिकीपर्यंत गारवा

नारायणगाव परिसराला वाईन नवी नाही. १९८०च्या दशकात इंडाज या वाईन कंपनीने इथे फसफसणारी वाईन करून परदेशी पाठवली. आमच्यासारख्या छोट्या वायनरीला मात्र राज्याच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतरच वाट मिळाली. आधी सगळा भर दुकानांतल्या विक्रीवर होता. मोठ्या नावांच्या रांगेत आमची बाटली उचलणार कोण? म्हणून पुणेकरांसाठी टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखून विकत घ्यायची खोली काढली. आज धंदा त्या खोलीवर चालतो, आणि त्या खोलीतली प्रत्येक गोष्ट तापमानावर.

बागेत खाण्याच्या द्राक्षाचे बरेच नियम उलटे करावे लागले. मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्लात घड बुडवणं नाही, मणी फुगवणं नाही. मणी लहान हवा, कारण लाल वाईनचा रंग सालीतून येतो. भुरी या बुरशीजन्य रोगासाठीचं गंधक तोडणीच्या महिनाभर आधी बंद, नाहीतर आंबवताना कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. शेनिन हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष २१-२२ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतो, शिराझ हे लाल वाईनचं २४च्या आसपास. नुसती साखर पाहून चालत नाही. पीएच ३.६च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की वाईन टिकवणाऱ्या तेवढ्याच सल्फाइटचा परिणाम कमी पडतो आणि वाईन लवकर खराब होते.

तोडणी पहाटे, क्रेट वीस किलोच्या आत, माल उन्हं तापायच्या आधी वायनरीत. दुपारी आलेल्या मालात मणी फुटलेले असतात आणि रानटी यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्मजीव) क्रेटमध्येच कामाला लागतं.

पांढऱ्या वाईनसाठी टनभर द्राक्षांना साधारण ६०० ते ६५० लिटर रस धरायचा. तो १० अंशांवर रात्रभर निवळू द्यायचा आणि गाळ सोडून वरचा रस दुसऱ्या टाकीत घ्यायचा. यीस्ट १०० लिटरला २० ग्रॅम, ३७-३८ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवलेलं. ते थेट गार रसात ओतलं तर निम्मं तिथेच दगावतं. थोडा थोडा रस मिसळत दोन्हींच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणायचा. पांढरी १४ ते १६ अंशांवर आंबते, लाल २५ ते २८ अंशांवर. लालच्या टाकीत सालींचा थर वर येतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. त्या थरातली उष्णता खालच्या रसापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून थर्मामीटर थरातच खुपसून पाहायचा. टाकीच्या भिंतीवरचा आकडा फसवा. ३५ अंशांपुढे यीस्ट मरू लागतं, साखर तशीच उरते, आणि आंबणं मधेच अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं महाकटकटीचं. वीज गेली की टाक्या गार ठेवणारा चिलर बंद, म्हणून खरेदीच्या यादीत जनरेटर आधी, लेबलिंगचं मशीन सगळ्यात शेवटी.

टेस्टिंगला पाच वाईन, प्रत्येकी ३० मिली. क्रम असा: फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, गोड. शेजारी थुंकायचं भांडं असतं, ते वापरायला लाजू नये. गाडी चालवणाऱ्याला द्राक्षाचा रस. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यायची, हा समज पुण्यात पक्का बसलाय. एप्रिलमधली आमची खोली युरोपातल्या तळघरासारखी नसते! लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर देतो. ग्लासला वासाचा साबण चालत नाही. उघडलेली पांढरी बाटली तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाते, टेबलावर नाही. ठेच्याबरोबर लाल मागणारे असतातच. टॅनिन (लाल वाईनमधला तुरटपणा) आणि अल्कोहोल मिळून तिखट आणखी भडकवतात, तिथे किंचित गोड शेनिनच निभावून नेते.

शेवटची अडचण पार्किंगमध्ये. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत वाईन तापून फुगते, बूच वर सरकतं, चव शिजल्यासारखी होते, आणि मग बाटली सदोष होती म्हणून फोन येतो. त्यामुळे बाटल्या निघतानाच हातात देतो, थर्माकोलच्या खोक्यात. पुढे शिवनेरीला जायचं असेल तर पैसे भरून ठेवा, माल परतीच्या वाटेवर उचला.