बारकीचं अल्जेब्रा आणि माळ्यावरची तागडी

सातवीच्या पहिल्या घटक चाचणीत आमच्या बारकीला गणितात २० पैकी ७ पडले. मार्कांचं एवढं काय नाही हो, पण पेपर उघडून बघितला तर नुसत्या आकड्यांची गणितं सगळी बरोबर आणि जिथं ए, बी, एक्स आलं तिथं लाल फुल्याच फुल्या. "पप्पा, गणितात एबीसीडी कशाला घुसवलीय, मी वाचतो तरी मला कळंना" म्हणाली. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं पोरी 'मी वाचतो, मी आलो' असंच बोलतात, पुढं दचकू नका.)

माझं गंगावेशीजवळ किराणा दुकान, शिक्षण बारावी कॉमर्स. राजारामपुरीत क्लास लावूया असं घरात ठरत होतं पण रोज संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला न्यायचं-आणायचं कोण, म्हणून म्हटलं आपणच बसू, सातवीचं तर आहे. इथंच फसलो.

पहिले दोन दिवस भाषेतच गेले. ती सेमीला, तिचं व्हेरिएबल, कोएफिशियंट, लाईक टर्म्स, आणि माझं चल, सहगुणक, सजातीय पदं. ते एकदाचं जुळलं. मग मी लई हुशारी केली, ए म्हणजे ॲपल बी म्हणजे बनाना सांगून टाकलं, तीन सफरचंदं आणि दोन केळी यांची बेरीज होत नाही म्हणून ३ए + २बी तसंच ठेवायचं, झालं. पटकन कळलं की तिला! मी खूश. चार दिवसांनी गुणाकार आला, ३ए × २बी = ६एबी. बारकी माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, सफरचंद गुणिले केळं म्हणजे काय, फ्रूट सॅलड?" आणि पुढं ए स्क्वेअर. सफरचंदाचा वर्ग कसा काढायचा सांगा मला.

मला काय उत्तर सुचेना. एक रिटायर्ड गुरुजी आमच्याकडं चहापत्ती न्यायला येतात, त्यांच्यापुढं रडगाणं गायलो तर ते हसले. म्हणाले, अहो ए म्हणजे वस्तू नव्हेच, ए म्हणजे संख्या, फक्त ती किती ते अजून ठाऊक नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या आपल्या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला 'यावत्-तावत्' म्हटलंय, म्हणजे जेवढं असेल तेवढं, आणि आणखी अज्ञात संख्या आल्या तर रंगांची नावं दिली, कालक, नीलक, पीतक. जेवढं असेल तेवढं! हे तर आपण दुकानात दिवसभर बोलतो की.

त्या रात्री सफरचंदं बंद. ए म्हणजे गुळाचा आजचा किलोचा दर, मार्केट यार्डात सौदे होईपर्यंत मलाही माहीत नसतो. मग ३ए म्हणजे तीन किलोचे पैसे. बी म्हणजे शेंगदाण्याचा दर. दोन्ही दर कळेपर्यंत ३ए + २बी तसंच लिहून ठेवायचं, पण ३ए + २ए असेल तर दर कळायची गरज नाही, पाच किलोचे पैसे हे आताच ठरलं. ए स्क्वेअरला मात्र गूळ चालत नाही, त्याला हॉलमधली फरशी दाखवली. फरशीची बाजू ए धर, आता क्षेत्रफळ सांग. आणि चौकोन लांबट असला की एबी.

मग समीकरणं. इथं वेगळाच घोळ होता आणि तो कळायला मला आठवडा लागला. मी लिहून दिलं, ८ + ४ = __ + ५. तिनं रिकाम्या जागेत १२ लिहिलं. तिच्या डोक्यात बरोबरचं चिन्ह म्हणजे कॅल्क्युलेटरचं बटण, दाबलं की उत्तर येतं. दोन्ही बाजू सारख्या असतात हे तिला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा.

दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा, त्याला दुसरी बाजूच नाही! म्हणून माळ्यावरची वडिलांची तागडी उतरवली, पुसली. शेंगदाण्याच्या चार सारख्या पुड्या बांधल्या, किती ग्रॅमच्या ते तिला सांगितलं नाही. डाव्या पारड्यात तीन पुड्या आणि १०० ग्रॅमचं माप, उजवीकडं एक पुडी आणि ५०० चं. दांडी सरळ. "आता पुडी किती ग्रॅमची?"

बराच वेळ बघत बसली. मग दोन्हीकडची एकेक पुडी काढली. डावीकडं दोन पुड्या आणि १००, उजवीकडं ५००. आता डावीकडचं १०० काढायचं म्हटलं तर उजवीकडं १०० काढणार कुठनं, ते एकच ५०० चं माप. तिनंच ५०० च्या जागी २००, २०० आणि १०० ठेवलं आणि दोन्हीकडचं १०० उचललं. दोन पुड्या, ४००. "दोनशेची हाय!" एवढ्या जोरात ओरडली की खालनं आईनं विचारलं काय सांडलं. मग तेच वहीत लिहायला लावलं, ३एक्स + १०० = एक्स + ५००.

शाळेत सांगतात बाजू बदलली की चिन्ह बदलतं. ते चूक नाही पण पोरं मंत्र पाठ केल्यासारखं करतात. ३एक्स = १२ मध्ये बारकीनं तीनला पलीकडं नेऊन वजा केलं होतं, एक्स = ९. मी म्हटलं तीन पुड्या मिळून १२ आहेत, एक पुडी नऊची असंल का? लाजली, ४ लिहिलं.

सगळ्यात चिवट निघाला कंसाबाहेरचा वजा. ५०० − (३०० − ५०) ला ती ५०० − ३०० − ५० करायची, १५०. गिऱ्हाइकानं ५०० ची नोट दिली, माल ३०० चा, त्यावर ५० सूट. परत किती? २५०. तू १५० हातावर ठेवलेस तर शंभर रुपयांसाठी दुकानात उभा राहून भांडेल तो. आणि वजा गुणिले वजा? उधारीची वही काढली. माझ्या डोक्यावर ५० ची एक अशा तीन उधाऱ्या, त्या कुणी माफ केल्या तर मी १५० नं वर आलो का खाली? गुरुजी म्हणे ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये हे नियम धन आणि ऋण या शब्दांतच लिहिलेत. ऋण म्हणजे कर्ज. कॉमर्सवाल्याला आधी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या चाचणीला १५ पडले. गेलेले पाच शाब्दिक उदाहरणांत गेले, वयाची गणितं, 'पाच वर्षांपूर्वी आई मुलीच्या चौपट' वगैरे, त्यात ती मुलीच्या वयातनं पाच वजा करते आणि आईला तसंच सोडते. त्यावर सध्या मारामारी चालू आहे. तागडी अजून हॉलमध्येच, बायको रोज विचारते माळ्यावर कधी जाणार, आणि गुरुजी म्हणतात आठवीला अवयव, म्हणजे फॅक्टर्स, येतात, फरशीवर खडूनं चौकोन आखायची तयारी ठेवा.