पेढा उपासाला चालतोय की

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि आमच्या गावाला पळायचं वेड लागलं. 2015 साली तिची गिनीज बुकात नोंद झाल्यावर तर ज्यांनी शाळेत पीटीचा तास चुकवला ते सगळे माझ्याकडे यायला लागले. मी शाळेत खेळाचा मास्तर. पहाटे सहाच्या आत एक ग्रुप पळवतो, मग आंघोळ करून शाळा. शर्यत साधारण सप्टेंबरात असते, म्हणजे खऱ्या सरावाचे दिवस नेमके श्रावणात येतात. ज्या रविवारची ही गोष्ट, तो श्रावणातलाच.

आधी काट्याचं सांगायला हवं. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पळण्यापेक्षा वजन उतरवण्यात जास्त रस असतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून मी बाथरूममधला वजनकाटा गाडीच्या डिकीत टाकला. दर रविवारी लांब पल्ला पळून आलो की मैदानाच्या कडेला काटा ठेवायचा, एकेकाने उभं राहायचं आणि दुपारी आकडे व्हॉट्सअॅपवर टाकायचे. ज्याचं सगळ्यात जास्त उतरलं त्याला टाळ्या. ही कल्पना माझीच, आणि मला तिचा फार अभिमान होता. लोक बूट काढायचे, खिशातला मोबाईल काढायचे, एकाने तर बनियनही काढलं होतं. आम्ही हसायचो.

नाना तेवढे काट्यावर चढायचे नाहीत. एसटीतून निवृत्त झालेले, पोट सुटलेलं, पळायचे हळू पण थांबायचे नाहीत. पळून झालं की मिसळ, वर जादा पाव, आणि खिशात कायम कागदी पुडीत दोन-तीन कंदी पेढे. ‘‘नाना, तुमच्यामुळं ग्रुपची सरासरी बिघडते,’’ असं मी चारचौघांत म्हणायचो. ते म्हणायचे, ‘‘बिघडू द्या मास्तर, तिला काय लग्नाला जायचंय?’’

आणि एक वहिनी होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, पतसंस्थेत कॅशला. दिवसभर बसून काम. जूनच्या सुरुवातीला आल्या तेव्हा 74 किलो, आणि अर्धा किलोमीटर पळाल्या की कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. अकरा आठवड्यांत 65 वर आल्या. दर रविवारी टाळ्या त्यांनाच. ‘किती बारीक झालात हो’, ‘ओळखूच आला नाहीत’, ‘कॉलेजकुमारी’. मी स्वतः लिहिलं होतं, ‘शाब्बास वहिनी! बाकीच्यांनी आदर्श घ्या.’ तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसलेला नाही.

त्या रविवारी 18 किलोमीटर होते, नऊ वर आणि नऊ खाली. समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वर घाटाचा चढ लागतो तो संपतच नाही. धुकं इतकं की पुढच्या माणसाचे फक्त बूट दिसत होते, मागे अजिंक्यतारा पार गायब. वर जाताना वहिनी माझ्या पुढेच होत्या. वरच्या वळणावर त्यांनी बाटलीतलं पाणी गटागटा संपवलं, पुन्हा भरून घेतलं. मी केळं पुढे केलं तर ‘‘नको सर, खाली गेल्यावर,’’ म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. उलट मनात म्हटलं, काय निर्धार आहे बाईचा.

उतरताना साधारण तेराव्या किलोमीटरला त्यांचं पाऊल वाकडं पडायला लागलं. आधी वाटलं, उतारानं मांड्या भरून आल्या असतील. यवतेश्वराचा उतार चढापेक्षा वाईट, हे इथे पळणाऱ्या कुणालाही विचारा. पण त्या रस्त्याच्या मधोमध येत होत्या. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘व्हाउचर राहिलंय.’’ पतसंस्थेतलं व्हाउचर. मग कठड्याला टेकल्या आणि तिथेच खाली बसल्या.

मी हात धरला. थंडगार, घामानं चिंब, आणि बोटं थरथरत होती. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. आम्ही ज्याला टाळ्या वाजवत होतो त्यानं बोटं इतकी बारीक झाली होती की अंगठी घसरू नये म्हणून त्यांनी ती दोऱ्यानं बांधून ठेवली होती.

माझ्याकडे काय होतं? शिट्टी, स्टॉपवॉच, क्रेप बँडेज. केळं मी मघाशीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेलं. पाण्याची बाटली पुढे करणार तेवढ्यात धुक्यातून नाना आले, सगळ्यांच्या मागे, नेहमीसारखे. त्यांनी एकदा पाहिलं, खिशातून पुडी काढली आणि शेजारी मांडी घालून बसले.

‘‘वैनी, आ करा.’’

‘‘उपास आहे,’’ त्या पुटपुटल्या.

‘‘अवो, पेढा उपासाला चालतोय की. खवा अन् साखर, दुसरं काय असतंय त्यात?’’

अर्धा पेढा त्यांनी बारीक चुरून हळूहळू खाऊ घातला. त्या गिळतायत ना हे बघून मग उरलेला. नंतर दुसरा. वरच्या गावातून दुधाच्या किटल्या घेऊन येणारा एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं झाकणात ओतून दूध दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी वहिनींच्या डोळ्यांत ओळख आली. आणि रडू आलं.

मग कळलं ते असं. शनिवारी श्रावणी उपास. दुपारी वाटीभर भगर, तीही अर्धी ठेवलेली. रात्री उपास सोडायचा तो सोडलाच नाही, भूक लागली तशी पाणी पीत राहिल्या. का? ‘‘आज वजन आहे ना सर. मागच्या रविवारी फक्त दोनशे ग्रॅम उतरलं होतं.’’ सोमवारचा उपास वेगळा. एरवी एक भाकरी आणि काकडी. पाळी दोन महिने आली नव्हती, ते त्यांनी मला नाही, नंतर डॉक्टरांना सांगितलं. ‘‘ह्यांना सांगू नका,’’ एवढं मात्र मला तीनदा म्हणाल्या.

गाडी वर बोलावली आणि सरळ दवाखान्यात नेलं. दोन पेढे आणि दूध पोटात गेल्यावरही साखर काठावरच होती. हिमोग्लोबिन 9.4 निघालं, बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. डॉक्टरांनी त्यांना काही बोललं नाही. मला बाहेर बोलावलं. ‘‘तुम्ही यांचे कोच ना? अठरा किलोमीटरला यांना किती कॅलरी लागतात?’’

हे मला पाठ आहे. पळताना किलोमीटरमागे किलोला साधारण एक कॅलरी. 65 गुणिले 18, म्हणजे 1170. ती बाई अख्ख्या दिवसात तेवढं खात नव्हती.

‘‘आणि वजन कधी करता?’’

‘‘पळून आल्यावर.’’

ते नुसते बघत राहिले. आणि त्यांनी बघावं असंच ते होतं. पळून आल्यावर काट्यावर जे कमी दिसतं ते घाम असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झरझर उतरतं त्यातही पाणीच बरंच असतं, कारण शरीर साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की तेही जातं. एक किलो चरबी म्हणजे साडेसात हजारांहून जास्त कॅलरी, ती एका रविवारात जात नाही. हे सगळं मी सातवीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. तरी दर रविवारी डिकीतून काटा काढत होतो, कारण आकडा उतरला की लोक पुढच्या रविवारी यायचे. डॉक्टरांनी आणखी एक सुनावलं: भूक मारायला आणि पळताना नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते साखर उतरण्यापेक्षाही वाईट जाऊ शकतं. पाण्याचं ठीक आहे, मीठ कुठाय?

त्या दुपारी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘आजचे आकडे?’ मी लिहिलं, काटा बंद. का ते लिहिलं नाही. वहिनींचं नाव त्यात येऊ नये म्हणून. दोघंतिघं नाराज झाले. एक जण ग्रुप सोडून गेला, त्याच्या टाळ्या शंभर ग्रॅमनं हुकल्या होत्या.

पुढचा महिना मी दुसरीच चौकशी सुरू केली. पळायच्या आधी गोल उभं राहून प्रत्येकानं सांगायचं, काल रात्री काय खाल्लं आणि आत्ता काय खाऊन आलात. सुरुवातीला लोक खोटं बोलायचे. ‘‘ओट्स’’ म्हणायचे. नाना म्हणायचे, ‘‘शिळी भाकरी, दूध, गूळ,’’ आणि तेच बरोबर असायचं. श्रावण होताच, उपासवाल्यांना उपास सोडा म्हणायची माझी छाती नव्हती आणि गरजही नव्हती. रताळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, शेंगदाणे, केळं, दही: उपासाचं ताट नीट मांडलं तर ते पळणाऱ्याचंच ताट आहे. फक्त ते पोटभर खायचं आणि पाण्यात चिमूट सैंधव, लिंबू, साखर घालायची. साबुदाण्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली, पण लांब पळायच्या आदल्या रात्री तो वाईट नाही. डब्यातलं तूप किती, ते मात्र मी अजूनही विचारतो.

वहिनींना डॉक्टरांनी त्या वर्षी शर्यत नाकारली. लोहाच्या गोळ्या, तीन वेळचं जेवण, चालायचं फक्त. मला वाटलं, आता या परत यायच्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या पतसंस्थेच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत काय बोलायचं ते सुचलं नाही. तिसऱ्यांदा गेलो, माफी मागितली. त्या काचेपलीकडून नोटा मोजत होत्या. मोजणं थांबवलं नाही, बंडलाला रबर लावला आणि म्हणाल्या, ‘‘मलाही ते आवडायचं सर. टाळ्यांचं. ते तुम्ही एकट्यानं केलं नाही.’’

शर्यतीच्या दिवशी पाऊस होता. सातव्या किलोमीटरच्या आसपास, जिथे चढानं सगळ्यांची तोंडं उतरतात, तिथे कडेला छत्री घेऊन कुणीतरी उभं होतं. हातात स्टीलचा डबा, त्यात उकडलेल्या रताळ्याच्या मीठ लावलेल्या फोडी. अंगठीला दोरा होता का ते मला पळता पळता दिसलं नाही. ओळखीचं, अनोळखी, जो येईल त्याला वहिनी फोड पुढे करत होत्या. मी एक तोंडात टाकली आणि पुढे गेलो. बऱ्याच वेळानं, वळण घेऊन परतताना, त्याच ठिकाणी नाना अजून वर येत होते, आणि वहिनींचा आवाज घाटभर घुमत होता:

‘‘नाना! सकाळी काय खाल्लंत?’’

नाना थांबले, दम घेतला, आणि खिशात हात घातला.