'गोतावळा' सहा वेळा परत आली, सातव्यांदा वाचून झाली

मंडळी, शेवटी जमलं! गेल्या आठ महिन्यांत सहा जणांनी माझ्याकडून आनंद यादवांची 'गोतावळा' ही बोलीतली कादंबरी नेली आणि सहाही जणांनी पंचवीस-तीस पानांतच हात टेकले. सातव्या वाचक ताईंचा परवा रात्री फोन आला, कादंबरी संपली म्हणून. जनावरं एकेक करून मळ्यातून जायला लागतात तिथपर्यंत सांगितलं आणि मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मीही बोललो नाही. एवढ्यासाठीच तर मी हे पुस्तक घेऊन लोकांच्या मागे लागलो होतो.

मागच्या नोंदीत मी सगळी भिस्त शब्दवहीवर, म्हणजे कादंबरीतल्या अडणाऱ्या शब्दांचे अर्थ लिहून वाचकाला द्यायच्या वहीवर, ठेवली होती. ते चुकलंच. कसं चुकलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातले बरेच जण नव्या वाचकांना बोलीतली पुस्तकं वाचायला लावायच्या याच खटपटीत आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' देताना मला कधीच अडचण येत नाही. तिथं कोवळ्या वयाचा मास्तर प्रमाण मराठीत गोष्ट सांगतो, बोली फक्त वाडीतल्या माणसांच्या तोंडी आहे. मास्तर वाडीला नवखा, वाचकही नवखा. दोघं बरोबरच धनगरांच्या वाडीत शिरतात. 'गोतावळ्या'त असा मधला माणूस नाही. मळ्यावरचा गडी नारबा स्वतः सांगतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याच बोलीत सांगतो. आनंद यादव मूळचे कोल्हापूरजवळच्या कागलचे, तिकडचीच ही भाषा. १९७१ साली आलेली ही कादंबरी आजही नव्या वाचकाला पहिल्याच पानावर अडवते. आणि माझं ठाम मत आहे की ती प्रमाण भाषेत असती तर वाचावीशी वाटली नसती. नारबाला जवळचं म्हणावं असं माणसांत कोणी नाही. बैल, गाई-म्हशी, कुत्रं, कोंबड्या, झाडं हेच त्याचे सोयरे. असा माणूस शुद्ध भाषेत बोलायला लागला की वाचक लांब उभा राहून त्याची कीव करणार. त्याच्या बोलीत मात्र आपण गोठ्यातच उभे असतो.

तर शब्दवही. तीनशेच्या वर शब्द काढले होते. कोशांबद्दल विचाराल तर शेतीच्या जुन्या वस्तूंसाठी मी अजूनही आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतो, १८५७ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश अर्थाच्या छटा जास्त देतो, पण एका शब्दासाठी उघडला की तासभर गेलाच समजा. वही सुबक झाली होती. आणि तिनंच घात केला. वाचक दर ओळीला पुस्तक मिटून वहीत बघायचा, शब्द सापडायचा आणि वाक्य हातून निसटायचं. चौथ्या वाचकानं वही पूर्ण वाचली, कादंबरी नाही.

शिवाय अर्थ लिहून दिला म्हणजे वस्तू डोळ्यांपुढे येतेच असं नाही. गावाकडच्या कादंबऱ्यांत पदोपदी भेटणारी मोट घ्या. 'विहिरीतून पाणी काढायची चामड्याची पिशवी' असं लिहून कुणाला काय दिसणार? म्हणून मी कापडाची लहान मोट शिवली. मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सगळं वजन पेलतो. बारीक दोर खालच्या रुळावरून जातो आणि सोंड, म्हणजे मोटेची पाणी ओतायची नळी, वर दुमडून धरतो. माझी मोट अर्ध्यातच सांडायची. चार संध्याकाळी गेल्या. बारीक दोर लांब पडत होता, त्यामुळे सोंड मोटेच्या तोंडाखाली लोंबायची. दोन बोटं आखडून घेतला आणि मोट काठावर येताच सोंड आपोआप पुढे ओढली जाऊन पाणी बरोबर थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पडलं. कुणाचा हात लागावा लागला नाही! बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरतात तेव्हा पाणी वर येतं आणि मागे सरतात तेव्हा रिकामी मोट खाली जाते, हे त्या दिवशी गटातल्या सगळ्यांना कळलं. तो आनंद वेगळाच. पण पुस्तक तरीही परत आलंच.

उलगडा झाला तो सहाव्या वाचकामुळे. काका पुस्तक परत द्यायला आले होते. कुठे अडलं विचारलं, तर पान उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि मला कळावं म्हणून ती मोठ्यानं वाचली. मध्येच थांबून म्हणाले, "अहो, ही तर विहीर!" डोळ्यांना 'हीर' परकी वाटत होती, कानानं ती लगेच ओळखली. 'हुतं', 'पानी', 'येळ', 'इस्तू' (विस्तव) हे शब्द लिहिलेले पाहिले की अडखळायला होतं, पण ऐकले की आपल्याच घरातले. काकांनी पुढची दोन पानं वहीकडे न बघता वाचून काढली. या पुस्तकातले कठीण वाटणारे निम्मे शब्द कठीण नाहीतच, ते फक्त वेगळे उच्चारले जातात.

म्हणून ताईंना वही दिलीच नाही. समोर बसून पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. पहिल्या बैठकीत मी माती केली, नाटकातल्यासारखे आवाज काढले. दुसऱ्या बैठकीला कागलकडच्या एका सहकाऱ्याला वाचायला बसवलं. तो भराभर वाचतो, कुठे रेंगाळत नाही, वाईट घडतं तिथंही आवाज चढवत नाही. नारबा तसाच बोलत असणार. चाळीस मिनिटांनी ताईंनी त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि पुढचं मी घरी वाचते म्हणाल्या.

 

पुढचा बेत म्हणाल तर गो. नी. दांडेकरांच्या कोकणातल्या 'पडघवली'ची शब्दवही अर्धी झाली आहे, ती या महिन्यात पुरी करणार होतो. पण हे लिहिताना वाटतंय की ती तिथंच थांबवावी. गोष्ट सांगणाऱ्या अंबावहिनीचं ते सगळं सांगणंही कानासाठीच आहे, आणि कोकणचा हेल माझ्या तोंडी बसणार नाही, सहकाऱ्याच्याही नाही. आधी वाचणारं माणूस शोधायला हवं. तुमच्यात कोणी दापोली-गुहागरकडचं असेल तर कळवा. वही टाकून देणार नाही. तिच्यात आता शब्द कमी आणि शेतीच्या साधनांची चित्रं जास्त ठेवीन: जू, कुळव, पाभर, मोट. जे ऐकून कळत नाही तेवढंच काढायचं.

आणखी एक सुचतंय. 'गोतावळ्या'नंतर लगेच माडगूळकरांचीच 'सत्तांतर' द्यावी का? तिथं गोष्ट वानरांच्या टोळीची, मालक नाही, गोठा नाही. नारबाच्या जनावरांपाठोपाठ ती वाचली तर दोन्ही पुस्तकं वेगळी दिसतील असं वाटतं. ताईंवरच करून बघतो.

शनिवारी पुढची बैठक आहे. काका परत येणार आहेत, त्यांची खुणेची पट्टी अजून पान २७ वरच आहे.