दिमोनाची आत्या

बाबांची सख्खी मोठी बहीण १९६२ साली लग्न झाल्या झाल्या इस्रायलला गेली आणि तिकडचीच झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. आमच्यातल्या कुठल्याही घरी विचारा, निम्मं गणगोत तिकडेच निघेल, अश्दोद, लोद, बीरशेवा, दिमोना. पण बाबा गेले आणि फोन कमी झाले, मग नुसते सणासुदीचे मेसेज, आतेभावंडांची मुलं तर मी फक्त डीपीत बघितलेली. हे मला फार लागत होतं. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत तू बिश्वात, म्हणजे आमचा झाडांचा सण, गाठूनच गेले.

सोबत काय आणू विचारलं तर आत्या म्हणाली, "कडवे वाल आण, कोकम आण, बाकी सगळं इथे मिळतं." आणि खरंच मिळतं हो! दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटातलं गाव, १९५५ मध्ये वसवलेलं, आपली माणसं इतकी की लोक त्याला छोटा भारतच म्हणतात, दुकानात पोहे, मसाले, पापड सगळं.

आत्या आता ऐंशीच्या पुढे. मला दारातच धरलं, चेहरा दोन्ही हातात घेतला आणि म्हणाली, "बाबासारखं कपाळ गो तुझं." मग आम्ही दोघी रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

रात्री गप्पा निघाल्या. ती आली तेव्हा झाड म्हणून दिसायचं नाही, नुसती धूळ, आणि आतोबा कापडगिरणीत कामाला. त्यातच तिथल्या धर्मगुरूंनी आमच्या लोकांच्या लग्नांना आडकाठी घातली, मागच्या पिढ्यांची चौकशी झाल्याशिवाय लग्न लावायचं नाही म्हणे. दोन हजार वर्षं कोकणात शनिवार पाळला, घाण्याला हात लावला नाही, म्हणून तर शनवारतेली नाव पडलं, आणि आम्हालाच विचारतात! हे आत्याचे शब्द, अजून आवाज चढतो तिचा. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आतोबाही गेले होते, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत. माझ्याच घरातली ही गोष्ट आणि मला ती कुणी सांगितलेली नव्हती, याचं मला खूप वाईट वाटलं, कारण पत्रातून ती फक्त "आम्ही सुखरूप आहोत" एवढंच लिहायची.

दुसऱ्या दिवशी मलिदा, म्हणजे एलियाहू हनवी या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात तो पोह्यांचा प्रसाद. आत्याकडे अलिबागहून नेलेली विळी अजून आहे, पातं झिजून अरुंद झालंय आणि खोवणीचे दोन दात गेलेत, पण नारळ तिच्यावरच खोवायचा, मिक्सर चालत नाही. पोहे भिजवून त्यात खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, मग ताटात रास करून भोवती फळं. आतेभावाचा मुलगा बीरशेवाला कॉम्प्युटरचं शिकतो, मराठी त्याला "बस, जेव, पुरे" एवढीच येते, माझं हिब्रू प्रार्थनेपुरतं, त्यामुळे सकाळपासून आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो फक्त. पण सगळे ताटाभोवती जमलो आणि 'एलियाहू हनवी' हे त्याचं गाणं सुरू झालं, तर हा पोरगा अगदी आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या चालीत गातोय! शेवटची ओळ तशीच ओढून, तशीच दोनदा. त्याला ती चाल आत्याने शिकवली आणि तिला आमच्या आजोबांनी. त्यानंतर आमचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे बोलणं सुरू झालं ते मी निघेपर्यंत संपलं नाही.

फोटोंची पेटी काढली तेव्हा मी आत्याकडून एकेका फोटोमागे नावं लिहून घेतली, मराठीत, आणि त्या पोराने खाली हिब्रूत. कोण कुणाची नणंद, कोण थळची, कोण पेणला दिलेली. ही माहिती आता एकट्या आत्याकडे आहे आणि आमच्या पिढीने ती आत्ताच घ्यायला हवी, माझं हे अगदी ठाम मत झालंय.

पुढच्या तू बिश्वातला तो आणि त्याची बहीण इकडे येतायत. नवगावला नेणार, जिथे आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले म्हणतात, मग अलिबागजवळच्याच खंडाळ्याला, एलियाहू हनवीच्या रथाच्या खुणा आहेत म्हणतात त्या खडकावर. आत्याने बजावून सांगितलंय, येताना मुलांकडे पांढऱ्या कांद्याची माळ द्यायची, आणि माळ अलिबागचीच हवी.