चाकाची पाठ

टायर उतरवलेलं जुनं अलॉय व्हील दुपारच्या उन्हात पालथं पडलेलं दिसलं, की जाणकार आधी त्याच्या पाठीवर वाकतो. पुढची बाजू काय, कुणीही चकचकीत करून देतो. पाठीवर मात्र कारखान्याने ठोकलेले आकडे असतात, ब्रेकची मुरलेली काजळी असते, तोल साधायची वजनं चिकटवल्याचे डाग असतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मूळ चाकाची कुंडली तिथेच मांडलेली.

पोर्शे 911 एसचं पाच पाकळ्यांचं चाक घ्या. 1967च्या मॉडेलबरोबर ते आलं. व्यास 15 इंच, रुंदी जेमतेम साडेचार. आजच्या साध्या हॅचबॅकलाही याहून रुंद रिम असते. आकार पोर्शेच्या हाइनरिख क्ली यांचा, काम जर्मनीतल्या माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्याचं. हे चाक ओतीव नाही, घडीव आहे. तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर प्रेसचा दाब देऊन आधी पाकळ्या उठवायच्या, मधली भोकं पाडायची, मग काठ चिरून रोलरने दोन्हीकडे पसरवायचा. त्याचीच रिम होते, जोड कुठेच नाही. पाकळ्या शोभेच्या वाटतात, पण दाबाखाली धातूचे कण आकाराबरोबर वळतात, म्हणून एवढ्या पातळपणावर गाडी पेलते. ओतीव नक्कल तराजूवर ठेवली की लगेच जड भरते.

पुढे रुंदी वाढत गेली आणि गंमत सुरू झाली. सहा इंची चाकांत दोन तऱ्हा: आधीचं खोल तोंडाचं ‘डीप सिक्स’ आणि नंतरचं सपाट ‘फ्लॅट सिक्स’. रुंदी तीच, व्यास तोच, पण खोलगटाला भाव कितीतरी जास्त. विकणाऱ्याने समोरून काढलेल्या फोटोवर विसंबायचं नाही. पाठीवरचा शिक्का मागायचा. महिना आणि वर्ष तिथे असतं आणि ते गाडी बनल्याच्या थोडं आधीचं हवं. गाडीपेक्षा चाक धाकटं निघालं तर ते बदललेलं आहे, मालक काहीही सांगो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागाला चाक बसतं त्यावर, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर; ते जितकं कमी, तितकं चाक बाहेर येतं. ते मोजायला यंत्र लागत नाही. चाक पालथं टाका, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली घ्या. त्यातून रिमची बाहेरून-बाहेर रुंदी निम्मी करून वजा करा. सहा इंची रिम बाहेरून साधारण 178 मिमी भरते, निम्मी 89. खोली 125 आली तर ऑफसेट 36 मिमी. सात इंचीचा ऑफसेट 23.3. 1973च्या 911 कॅरेरा आरएस 2.7ला मागे ही सात इंची चाकं होती आणि त्यासाठी मागचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, फुगवले होते. तीच चाकं फेंडर न फुगवलेल्या गाडीला लावली की खड्ड्यात टायर फेंडरची कड खातो.

आता माझा एक हट्ट. ही चाकं बफ करू नयेत. मूळ पृष्ठभाग अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या क्रियेने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा, किंचित राखाडी, मंद. बफिंगचं चाक फिरलं की ती कातडी जाते आणि खालचं उघडं अ‍ॅल्युमिनियम घासलेल्या पितळी तांब्यासारखं झळकतं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यावर पांढुरके ठिपके उठतात, मग पुन्हा बफ, पुन्हा ठिपके. आम्लाचे आणि कॉस्टिकचे व्हील क्लीनरही तोच घात करतात. साधा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भाजून चढवणं, त्याची भट्टी 180 ते 200 अंश सेल्सिअसची. घडीव मिश्रधातूला उष्णतेनेच कणखरपणा दिलेला असतो, त्यामुळे रंग आवडेपर्यंत पुन्हा पुन्हा भाजलं तर तो उतरतो.

नटही अ‍ॅल्युमिनियमचे. इम्पॅक्ट गन, म्हणजे धक्के देऊन आवळणारं यंत्र, नको. 19 मिमीचा पातळ सॉकेट, आतून प्लास्टिकचा असेल तर उत्तम, आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 130 न्यूटन-मीटर. आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम पेस्टचा पातळ हात द्यायचा. ती विसरली तर नट स्टडला, म्हणजे हबच्या आटेदार खुंटीला, धरतो आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यावर बसून शिव्या द्याव्या लागतात.

प्रत्येक कारखान्याची खोड वेगळी. बुगाटीने 1924 साली टाइप 35ला आठ चपट्या आऱ्यांचं ओतीव चाक दिलं आणि ब्रेकचा ड्रम त्यातच घातला. चाक काढलं की ब्रेक शू समोर उघडे. 1984च्या कॉर्व्हेटची चाकं डाव्या-उजव्या हाताची, डावीकडचं उजवीकडे चालत नाही, त्यामुळे टायर आलटून-पालटून लावायचे तर एकाच बाजूचे पुढे-मागे. सगळ्यांत चीड आणणारी मिशलिन टीआरएक्सची, म्हणजे मिलिमीटरमध्ये मापलेल्या टायरची, रिम. बीएमडब्ल्यू 635 सीएसआय आणि फेरारी मोंडियलवर तिचा व्यास 390 मिमी, म्हणजे सुमारे 15.35 इंच. पंधराचा टायर चढत नाही, सोळाचा बसत नाही, काठाचा घाटही निराळा. टायर तेवढाच एक आणि तो महाग. हौशी लोक कंटाळून साधी इंची चाकं लावतात, मूळची गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकतात आणि गाडी विकताना तीच आधी दाखवतात.

मॅग्नेशियमचं प्रकरण मात्र गमतीचं नाही. लॅम्बोर्गिनी मिउराची कॅम्पान्योलो चाकं आणि जुनी मिनीलाइट चाकं त्या धातूची. रंग सुटला की ओलीने धातू आतून पांढरी भुकटी होतो, आधी टायर टेकतो त्या काठाशी; हवा हळूहळू उतरते आणि लोक वॉल्व्ह बदलत बसतात. घासताना उडणारा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते, म्हणून शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. रस्त्यावर आणण्याआधी रंग पूर्ण काढून डाय पेनिट्रंट मारायचं: लाल द्रव लावून दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर. आरीच्या मुळाशी किंवा बोल्टच्या भोकाभोवती लाल रेघ उमटली तर ती भेग आहे. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात. करू नये. ते चाक भिंतीवर टांगावं आणि गाडीला दुसरं शोधावं.