डेपोतले गरुड

कर्नाटकातल्या दांडेलीत धनेश (हॉर्नबिल) पक्षी बघायला आधी जंगलात नेत नाहीत, लाकडाच्या डेपोत नेतात. सकाळी साडेसहाला सागवानाच्या ओंडक्यांमध्ये उभं राहून मी मनातल्या मनात पैसे वसूल होणार की नाही याचा हिशेब करत होतो. तेवढ्यात वाटाड्या काका म्हणाले, "वर बघा सर, वर!"

काळेपांढरे आठ पक्षी एकामागून एक, थोडं तरंगत, थोडं फडफडत डोक्यावरून गेले आणि वडाच्या झाडात शिरले. मलबारी कवड्या धनेश. माझी आजी, तळकोकणातली, असल्या कुठल्याही थोराड चोचीच्या पक्ष्याला 'गरुड' म्हणायची आणि वर हातही जोडायची. गरुडाशी याचं काडीचंही नातं नाही, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

शास्त्रीय नाव अँथ्रॅकोसेरॉस कोरोनॅटस. कोळशासारखं शिंग, वर मुकुट. बोडार्ट नावाच्या डच माणसाने १७८३ मध्ये हे 'कोरोनॅटस' ठेवलं तेही फ्रेंच रंगीत चित्रांच्या संचावरून. आमच्या काकांना मात्र पक्षी दिसायच्या आधीच पंखांच्या आवाजावरून कळत होतं, कवड्या आला की महाधनेश. महाधनेशाचा आवाज म्हणजे चढावर धापा टाकणारं वाफेचं इंजिन.

पूर्वी धनेशांना खंड्या आणि नीलपंखाच्या गणात बसवत. आता त्यांचा गण वेगळा, ब्युसेरोटिफॉर्मिस, आणि त्यात सोबतीला कोण, तर हुदहुद! आपल्याकडे बरेच जण सुतार समजतात तोच, तुऱ्याचा. काकांना हे सांगितलं तर ते हसले. "चोच सोडली तर काय सारखं?" ढोलीतलं घरटं, मी म्हटलं, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीला चारा पुरवणारा नर. यावर ते जरा गप्प झाले.

कारण पुढे त्यांना तेच दाखवायचं होतं. काळी नदीच्या बाजूला, घरट्यापासून बऱ्याच लांब, झुडपाआड बसवलं आणि बोलायचं नाही अशी तंबी दिली. मार्च संपत आला होता. मादी ढोलीत जाऊन आपल्याच विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. कवड्याची मादी पिल्लं उडण्याजोगी झाल्यावरच बाहेर पडते. महाधनेशाची आधीच येते, आणि मग मागे राहिलेलं पिल्लू भोक आतून पुन्हा बुजवतं! हे मला सगळ्यात आवडलं.

पाऊण तासाने नर आला. डोळ्याभोवतीची निळसर काळी कातडी दुर्बिणीतून स्वच्छ दिसली (मादीची पांढुरकी असते). चोचीत काहीच नव्हतं. मला वाटलं, बिचारा रिकाम्या हाताने आला. मग त्याने मान झटकली, घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीत सरकवलं. पुन्हा झटका, पुन्हा उंबर. मी सतराच्या पुढे मोजत होतो, तेवढ्यात काकांनी कोपर मारलं. बोटांवर मोजताना मी मोठ्याने बोलत होतो म्हणे.