काड्या मोजून अँटेना घेतला होता

मागच्या महिन्यात गच्चीवरचा टीव्हीचा अँटेना बदलला. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा जे केलं ते इतकं येड्यासारखं होतं की लिहून टाकतोय, निदान दुसरं कोणी तरी वाचेल.

जुना अँटेना ॲनालॉगच्या काळातला. तेव्हा कसं होतं, सिग्नल कमी असला की पडद्यावर मुंग्या यायच्या, कधी एका माणसाच्या मागे त्याचंच भूत उभं असायचं, पण दिसायचं तरी, आणि आपण त्या मुंग्यांसकट अख्खी मॅच बघायचो. डिजिटलमध्ये हे मधलं काही नाहीच. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र एकदम लख्ख, आणि जरा खाली घसरला की चौकोन चौकोन, आवाज तुटक, मग काळा पडदा. आमच्याकडे रोज काही ना काही अडकायचं, पाऊस पडला की तर जास्तच. आणि ते नेमकं बातम्यांच्या वेळी, म्हणजे आईच्या वेळी, म्हणजे माझं काही खरं नाही.

मी निष्कर्ष काढला की सिग्नल कमी पडतोय, मोठा अँटेना पाहिजे. मग काय, दुकानात अँटेनाच्या दांड्यावरच्या काड्या मोजत बसलो. ह्याला वीस, त्याला तीस, चाळिसाच्या वरचा मिळाला तो घेतला, वर 'डिजिटल' आणि 'एचडी' असं ठळक छापलेलं, आणि आत बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, बसवलेला. आता कळतंय की 'डिजिटल अँटेना' असं काही नसतंच, अँटेनाला येणाऱ्या लहरीत ॲनालॉग आहे की डिजिटल याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त फ्रिक्वेन्सी कळते. जुन्या अँटेनाच्या काड्या त्या फ्रिक्वेन्सीच्या मापाच्या असतील तर तोसुद्धा डिजिटल पकडतो.

तर तो लांबलचक प्रकार चढवला, नीट टीव्हीच्या टॉवरकडे रोखला, चॅनेल शोधायला लावले, आणि आधी जेवढी चॅनेल यायची त्यातली निम्मी गायब! मी दोन शनिवार-रविवार तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवत काढले. शेवटी वैतागून बूस्टर मधून काढला, केबल सरळ जोडली, आणि सगळी चॅनेल आली. मी पायरीवर बसून पाच मिनिटं नुसता अँटेनाकडे बघत होतो.

झालं असं की टॉवर आमच्यापासून आठेक किलोमीटरवर, गच्चीवरून डोळ्यांना दिसतो. एवढ्या जवळून सिग्नल मुळात भरपूर, त्यात मोठा अँटेना, त्यात बूस्टर. बूस्टरच्या आवाक्याबाहेर सिग्नल गेला की तो त्याचं कालवण करून टाकतो, एका चॅनेलची घाण दुसऱ्यावर. आणि गंमत म्हणजे सिग्नल कमी असला तरी चौकोन आणि अती झाला तरी चौकोन, टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून लोक (म्हणजे मी) अजून मोठा बूस्टर लावायला धावतात.

मग शांतपणे वाचलं. ह्या माशाच्या काट्यासारख्या अँटेनाला यागी म्हणतात, १९२६ मध्ये जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी काढला, पूर्ण नाव यागी-उदा. काम बरंचसं उदाचं आणि नाव राहिलं यागीचं, हे आपल्याला नवीन नाही. १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा इंग्रजांच्या रडारच्या टिपणांत सारखा 'यागी' हा शब्द, जपान्यांना अर्थच लागेना, शेवटी एका कैद्याने सांगितलं की अहो हे तुमच्याच माणसाचं नाव आहे, असा किस्सा सांगतात. असो.

यागीत केबल फक्त एका काडीला जोडलेली असते. तिच्या मागे एक परतवणारी, आणि पुढे ह्या सगळ्या रांगेत उभ्या असलेल्या काड्या सिग्नलला वाट दाखवायला. पहिल्या चार-पाच काड्यांनी खूप फरक पडतो, नंतर प्रत्येक काडीमागे फायदा कमी कमी होत जातो, अँटेनाची लांबी दुप्पट केली तरी जेमतेम अडीच-तीन डेसिबल (सिग्नलची कमी-जास्त ताकद मोजायचं माप) पदरात पडतात. शिवाय जितका लांब तितकी त्याची नजर अरुंद, जरा वाऱ्याने हलला की निशाणा चुकला. डब्यावर छापलेल्या ताकदीच्या आकड्याचंही तसंच, कोणी डीबीआय लिहितो (सगळीकडून सारखं पकडणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना), कोणी डीबीडी (साध्या एका काडीच्या अँटेनाशी तुलना), आणि एकाच अँटेनाचा डीबीआयमधला आकडा २.१५ ने जास्त दिसतो. नुसतं 'डीबी' छापलंय, पुढे काहीच नाही, तर मी सरळ डीबीआय धरतो, कमी आकडा कशाला कोण छापेल. बूस्टरची ताकद त्यातच मिळवून छापणारेही आहेत, माझ्या डब्यावर तेच होतं.

मग काड्या नाहीत तर बघायचं काय? आधी आपल्याकडची चॅनेल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येतात ते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, आणि मुख्य काडी साधारण त्याच्या निम्मी. ५०० मेगाहर्ट्झला लहर ६० सेंटीमीटर, म्हणजे काडी ३० च्या आसपास. हे झालं यूएचएफ, म्हणजे टीव्हीच्या फ्रिक्वेन्सींचा वरचा पट्टा. पण काही ठिकाणी एखाद-दुसरं चॅनेल खाली २०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतं, तिथे काडी पाऊण मीटरची लागते, आणि यूएचएफचा कितीही भारी अँटेना लावला तरी ते एक चॅनेल रुसलेलंच राहतं. वरच्या बाजूला उलटा प्रकार. यूएचएफचा वरचा भाग बऱ्याच देशांत मोबाइलला देऊन टाकलाय, युरोपात टीव्ही आता ६९४ पर्यंतच, अमेरिकेत तर ६०८ लाच संपतो, आणि जुने अँटेना ८६० पर्यंत पकडतात, म्हणजे शेजारचा मोबाइल टॉवर फुकटात बूस्टरमध्ये. नवीन घेताना तुमच्याकडे टीव्ही जिथे संपतो तिथेच संपणारा घ्या, नाहीतर मध्ये मोबाइलचा सिग्नल अडवणारा फिल्टर लावा.

दुसरं म्हणजे काड्या आडव्या की उभ्या. टॉवर ज्या पद्धतीने सोडतो त्याच पद्धतीने आपला लावायचा, आडव्या-उभ्याची गल्लत केली तर २० डेसिबलच्या आसपास मार खातो, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. आजूबाजूच्या गच्च्यांवर बघा, सगळ्यांचे उभे असतील तर आपला आडवा लावून शहाणपणा करू नका.

शेवटी मी लॉग पिरियॉडिक घेतला. हा त्रिकोणी दिसतो, पुढे आखूड काड्या आणि मागे लांब होत जातात, सगळ्या काड्या जोडलेल्या. यागीच्या मानाने ताकद कमी, पण सगळ्या चॅनेलना साधारण सारखंच देतो, वजनाला हलका, बूस्टर नाही. फक्त आखूड टोक टॉवरकडे करायचं. मी पहिल्यांदा उलटं धरलं होतं, पण ते सोडा.

लावायच्या आधी ह्यावेळी एक केलं, तो हातात धरूनच गच्चीभर फिरलो आणि टीव्हीवर सिग्नलच्या पट्ट्या लावून आईला खाली त्याच्यासमोर फोन घेऊन बसवलं.

"आई, आकडा किती?"

"अरे दोन पट्ट्या आहेत, कुठली सांगू?"

"खालची, क्वालिटीची."

"हिरवी आहे. आता पिवळी. परत हिरवी. तू हलतोयस का तिथे?"

हलतच होतो. वरची पट्टी नुसती ताकद दाखवते, ती भरलेली असूनही चित्र फुटू शकतं, खालची खरी. आणि एकेक फूट सरकलं तरी ती बदलते, कारण भिंतीवरून, पाण्याच्या टाकीवरून उलटून येणारा सिग्नल सरळ येणाऱ्यात मिसळतो, कुठे भर घालतो कुठे खातो. दर वेळी सरकल्यावर पाच-सहा सेकंद थांबायचं, आकडा मागून येतो. सगळ्यात उंच जागा म्हणजे टाकीच्या वर, तिथे पिवळी, आणि कठड्याच्या एका साध्या कोपऱ्यात एकदम घट्ट हिरवी. तिथेच पाइप ठोकला.

मग केबल बदलायला घेतली आणि तिथे खरा चोर सापडला. वरच्या टोकाची जुनी केबल सोलली तर चकचकीत तांब्याच्या जागी काळं-हिरवं काहीतरी, आणि वरची जाळी बोटाने चोळली तर पीठ झालं. बाहेरचं प्लास्टिक उन्हाने तडकलेलं, पावसाचं पाणी आतून उतरत उतरत पार खालपर्यंत गेलेलं. बहुतेक सगळं दुखणं पहिल्यापासून हेच होतं, मी त्यावर चाळीस काड्या लावत होतो. नवीन आरजी-६ टाकली, ७५ ओहमची. तीसुद्धा दहा मीटरला दोनेक डेसिबल खातेच, आणि दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन-चार कमी. टॉवर लांब असेल, केबल लांब असेल, तर बूस्टर लावायला हरकत नाही, पण तो वर अँटेनापाशी. खाली टीव्हीमागे लावलात तर केबलमध्ये जे मेलंय ते मेलंच, तो फक्त कचरा मोठा करून देणार. आणि वरच्या बूस्टरची वीज त्याच केबलमधून जाते, तेव्हा मध्ये स्प्लिटर असेल तर तो वीज पलीकडे सोडणारा हवा.

जोडावर रबराची चिकटपट्टी गुंडाळली, केबल घरात शिरते तिथे खाली झोल सोडला म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि पाइपला अर्थिंग केलं. परवा रात्रभर धो धो पाऊस होता. आईने बातम्या पूर्ण बघितल्या आणि मला हाक मारली, मला वाटलं आता कौतुक होणार, तर म्हणाली तो लांबडा काटा जिन्यात पडलाय तो उचल आधी, कोणाच्या तरी डोळ्यात जाईल.